चुन्यातले खडे

“दगडच बघायचे होते, तर आपला दंडोबाचा डोंगर काय वाईट होता? सकाळी डबा घेऊन गेलं की दुपारी घरी.”

लीलाताई शेजवळ माझ्या मागच्या सीटवर होत्या आणि त्यांचं तोंड माझ्या कानापासून फार तर वीतभर लांब होतं. त्या कुजबुजतच होत्या. पण नवऱ्याच्या नोकरीपायी जन्मभर कालव्याच्या काठावरच्या क्वार्टरमध्ये राहिलेली बाई. पलीकडच्या काठावर हाक पोचवायची सवय. त्यांची कुजबुज पुढच्या तीन रांगांना सहज ऐकू जात होती.

“हळू,” शेजवळ म्हणाले. “पुढं सर बसलेत.”

“सर झोपलेत. आणि वहिनी कुणाला काही सांगायच्या नाहीत. त्या कुठं काय सांगतात?”

हे मात्र खरं होतं.

सर म्हणजे माझे यजमान, दिगंबर साखळकर. मिरजेत भूगोलाचे शिक्षक होते, त्यामुळे सगळ्या जगाचे सर झाले. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ते गाढ झोपले होते. मेक्सिको सिटीतून निघून बसला पाऊण तास झाला होता. खिडकीबाहेर आमच्याकडे शेताच्या बांधावर असते तशी घायपात दिसत होती, तिच्यापलीकडे निवडुंग. तेही कुंपणाला नव्हे, ओळीनं लावलेलं. ते लोक त्याची भाजी करतात. मला वाटलं, आत्ता हे जागे असते तर यांना सांगितलं असतं, आणि यांनी माइक हातात घेऊन बसला सांगितलं असतं, आणि बसनं टाळ्या वाजवल्या असत्या. आमचं घर असंच चालायचं.

सांगली-मिरज-कोल्हापूरकडची अठरा माणसं होतो आम्ही. ‘कुणी रचले हे पर्वत?’ या पुस्तकाची सातवी आवृत्ती निघाली म्हणून प्रकाशक नाडगौडांनी ही सहल काढली होती: लेखकासह पिरॅमिड बघा. शेजवळ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मांडीवर पुस्तक होतं आणि पुस्तकातून बसच्या तिकिटांच्या, कॅलेंडरच्या, लग्नपत्रिकांच्या कापलेल्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. एवढ्या खुणा मी मुलीच्या बारावीच्या पुस्तकातही पाहिल्या नव्हत्या.

त्या पुस्तकावर नाव यांचं होतं. पुस्तक मी लिहिलं होतं.

आता हे सांगायला मला काहीच वाटत नाही, पण तेव्हा वाटायचं. बावीस वर्षांपूर्वी एका साप्ताहिकानं यांना लेख मागितला. हे बोलायला उभे राहिले की शेवटच्या बाकावरचं पोरगं खिडकीबाहेर बघायचं थांबायचं, अशी वाणी. पण कागद पुढं आला की यांचा घसा बसायचा. जेवणाच्या टेबलावर तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी कागदावर ‘मानवाच्या इतिहासात’ एवढेच दोन शब्द होते, आणि मला तर पोळ्या लाटायला टेबल हवं होतं. मी म्हटलं, उठा तुम्ही. यांनी जेवताना मला जे जे सांगितलं होतं ते यांच्याच आवाजात लिहून काढलं, आणि वर दोन गोष्टी माझ्या घातल्या. लेख गाजला. दुसऱ्या लेखाला माझ्या चार गोष्टी झाल्या. सहाव्याला हे विचारायला लागले, “काय गं, या आठवड्यात काय म्हणतोय मी?”

मी जुनी मॅट्रिक. इंग्रजी शिकले ती रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या पुस्तकांतून, उजव्या हाताला डिक्शनरी आणि डाव्या हाताला निवडायची भाजी घेऊन. सहा पुस्तकं झाली तशीच.

लोकांसाठी एक वाक्य ठरलेलं होतं: “सर सांगतात, वहिनी उतरवून घेतात.” नाडगौडा हे वाक्य बोलताना कपातल्या चहाकडे बघत. कारण हस्तलिखित त्यांच्या हातात जायचं. माझं अक्षर आणि माझी खाडाखोड. दुसऱ्याचं उतरवून घेणारी बाई अख्खा परिच्छेद खोडून समासात त्याहून बरा परिच्छेद लिहीत नाही, हे छपाईत केस पांढरे केलेल्या माणसाला कळत नसेल थोडंच? पण त्यांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही आणि मी उतरवून घेत राहिले.

व्याख्यानाची आमची एक रीत होती. मी पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर. उजवा हात मांडीवर उताणा. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. अंगठा पहिल्या बोटाच्या मधल्या पेरावर गेला की दुसरं शतक, करंगळीच्या टोकाला गेला की बारावं. मूठ मिटली की ‘हा प्रश्न टोलवा’. हात पालथा पडला की ‘आवरतं घ्या’. प्रश्नोत्तरांच्या वेळी हे टाळूवरून हात फिरवत विचारात पडल्यासारखे माझ्या मांडीकडे बघायचे आणि लोक म्हणायचे, सर किती विचार करून बोलतात!

मला राग यायचा का? चोवीस तास काही कुणाला राग येत नाही. पण पायात बारीक काच गेली की चालता येतं आणि विसरताही येत नाही, तसं होतं ते.

निघायच्या आधी पंधरा दिवस मी यांना म्हटलं होतं, “नव्या पुस्तकावर माझं नाव घाला.”

“कुठं?”

“पुस्तकावर, दुसरं कुठं? रेशनकार्डावर आहेच.”

हे हसले. मग हसू थांबल्यावर म्हणाले, “लोक काय म्हणतील, हेमा? आधीच्या सहांचं काय, असं विचारतील.”

“विचारू देत.”

“जाऊन आल्यावर बघू.”

जाऊन आल्यावर बघायला काही उरणार नव्हतं. नाडगौडांनी नव्या पुस्तकाचा करार बॅगेत घालून आणला होता. पिरॅमिडच्या माथ्यावर सही, तिथंच फोटो, तोच फोटो पुस्तकाच्या मलपृष्ठावर. विमानतळावर त्यांनी मला तो कागद कौतुकानं दाखवला. लेखक: प्रा. दिगंबर साखळकर. हे प्राध्यापक कधी झाले, हेही मला तिथंच कळलं.

बस थांबता थांबता हे जागे झाले.

“अहो,” मी हळूच म्हटलं, “नाडगौडांशी बोललात?”

“आता? आता लोक आहेत गं.”

बावीस वर्षांत लोक नाहीत अशी वेळ आलीच नव्हती. लोक नसले की हे दमलेले असायचे.

*

आता तिथं पायऱ्या चढायला बंदी केली म्हणे. आम्ही गेलो त्याला तेरा वर्षं झाली, तेव्हा कुणीही चढायचं. टिओटिवाकान त्या गावाचं नाव. हे नावही मागाहून आलेल्यांनी ठेवलेलं. ज्यांनी ते शहर बांधलं ते स्वतःला काय म्हणवून घेत, कुठली भाषा बोलत, नक्की कुणालाच सांगता येत नाही. लाखभर वस्तीचं शहर रिकामं झालं, आणि काही शतकांनी दुसरे लोक आले ते वर बघून म्हणाले, ही देवांची जागा.

पुस्तकात मी हे सगळं लिहिलं होतं. पण जी गोष्ट लिहिली नव्हती, कारण मला माहीतच नव्हती, ती म्हणजे त्या डोंगराएवढ्या ढिगाखाली उभं राहिलं की आधी काय होतं ते. आधी भूक लागते. निदान मला लागली. एवढे दगड उचलायचे म्हणजे एवढ्यांना रोज जेवायला घालायचं. कुणीतरी पहाटे उठून मका चुन्याच्या पाण्यात भिजत घालत असणार, पाट्यावर वाटत असणार. त्यांना विचारलं असतं तर सगळा हिशोब लागला असता. मी हे यांना सांगणार होते. पण यांनी माइक घेतला होता.

“बघा!” हे म्हणाले, आणि हात वर केला. अठराच्या अठरा माना वर झाल्या. मातीच्या शिट्ट्या विकणारा एक माणूस वाघाची डरकाळी काढत आमच्याकडे येत होता, तोसुद्धा थांबला. “चाक नाही. लोखंड नाही. बैल नाही, घोडा नाही. आणि हे! तुम्हीच सांगा मला... हे माणसाचं काम आहे?”

“नाही!” मंडळी म्हणाली. हे वाक्य त्यांना पाठ होतं. पुस्तकात ते नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. हे व्याख्यानात घालायचे आणि नाडगौडांनी ते मलपृष्ठावर छापलं होतं. त्या एका वाक्यावरून आमचं स्वयंपाकघरात दर आवृत्तीला भांडण व्हायचं. मी म्हणायची, माणसाचं नाही तर कुणाचं? हे म्हणायचे, अगं, माणसाचं म्हटलं की लोक घरी जातात.

आमचा तिथला वाटाड्या एस्तेबान साठीचा असेल. डोक्याला गवताची टोपी, हाताची नखं शेतकऱ्यासारखी फुटलेली. त्याला मराठी कळत नव्हती, पण “नाही!” कळलं असावं. तो जमिनीकडे बघत होता.

“सर,” शेजवळ पुढं आले. हातात पुस्तक, बोट तिसऱ्या प्रकरणात. “इथं आपण म्हटलंय की, ‘दोन दगडांच्या सांध्यात सुईसुद्धा शिरत नाही.’ बघू या का?”

“बघा की!” हे म्हणाले.

लीलाताईंच्या पर्समध्ये शिवणाचा डबा होता. परदेशात हूक तुटला तर काय घ्या, म्हणून. त्यांनी सुई काढली, दोरा ओवलेलीच, आणि पिरॅमिडच्या पायथ्याशी ओणव्या झाल्या. सगळे भोवती गोळा झाले. नाडगौडांनी कॅमेरा सरसावला.

सुई गेली. दोऱ्यासकट गेली. मग लीलाताईंनी करंगळी घातली, तीही गेली.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “इथं माझं मंगळसूत्र मावेल.”

सगळे हसले. शेजवळ हसले नाहीत. ते चष्मा वर करून सांधा बघत होते. दोन दगडांमध्ये बोटभर चुना होता आणि चुन्यात बारीक बारीक काळे खडे एकाशेजारी एक बसवलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

शेजवळांनी त्यांच्या इंग्रजीत एस्तेबानला विचारलं आणि एस्तेबाननं त्याच्या इंग्रजीत सांगितलं. दोघांचीही मोडकी, त्यामुळे एकमेकांना छान कळली, मलाही कळली.

सुई न शिरणाऱ्या भिंती पेरू देशात आहेत, तो म्हणाला. फार लांब, खाली दक्षिणेला. वेगळे लोक. इथं दगड, माती, चुना. आणि हे खडे म्हणजे खूण. त्याचा आजा इथल्या दुरुस्तीच्या टोळीत होता, बापही होता. भिंत ढासळलेली असायची, ती पुन्हा रचायची. पण नियम असा की जो दगड तुम्ही नव्यानं बसवला त्याच्या भोवतीच्या चुन्यात खडे खोचायचे. “म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं,” तो म्हणाला, “कुठवर त्यांचं काम आहे आणि कुठून आमचं. त्यांचं आमच्या नावावर जाऊ नये, आमचं त्यांच्या.”

शेजवळांनी ते मराठीतून सगळ्यांना सांगितलं. मग म्हणाले, “म्हणजे सर, ही पुस्तकातली... चूक?”

चूक माझी होती आणि ती कशी झाली हे मला त्याच क्षणी कळलं. रद्दीतलं ते जाड पुस्तक. मधली सोळा पानं सुटून दुसऱ्याच ठिकाणी शिवली गेली होती. प्रकरणाचं पहिलं पान नव्हतंच. पेरूची भिंत मी मेक्सिकोत आणून उभी केली होती. कॉलेजात गेलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं, त्यानं दुसरं पुस्तक उघडून बघितलं असतं. माझ्याकडे दुसरं पुस्तक नव्हतं.

यांनी टाळूवरून हात फिरवला. मग दिलखुलास हसले.

“झालं! अहो, मी पेरूचं सांगितलं असणार आणि हिनं उतरवून घेताना मेक्सिकोला चिकटवलं. हिचं एक लक्ष गॅसवर असायचं ना!”

पुन्हा हशा. नाडगौडाही हसले, कॅमेऱ्याच्या काचेत बघून.

“चूक माझीच आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “ते पान मी...”

“होतं हो, वहिनी,” लीलाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “घाईत होतं. एवढं लिहून घ्यायचं म्हणजे काय गंमत आहे? मला तर दुधाचा हिशोब लिहिताना चुकतं.”

म्हणजे चूकसुद्धा मला पुरती माझी म्हणून मिळेना. लिहिणारीची चूक मागायला गेले, तर लेखनिकाची चूक पदरात पडली, वर सहानुभूती. मी त्या काळ्या खड्यांवर अंगठा दाबून उभी राहिले. चांगले टोचत होते. यांनी “चला, वर!” म्हटलं आणि सगळे वर निघाले.

*

पायऱ्या अरुंद आणि उंच. गुडघा छातीला लागतो अशा. मी साडीवर बूट घातले होते. पुढं हे, त्यांच्या मागं करार काखोटीला मारून नाडगौडा. मी यांना गाठलं तेव्हा धाप लागली होती.

“गॅसवर लक्ष असायचं?”

“अगं, गमतीनं म्हटलं.”

“मला नाही आली गंमत.”

“मग काय म्हणायला हवं होतं? मला कुठं माहीत होतं तू कुठून काय घेतलंस ते? मी तोंडघशी पडलो ना तिथं!”

“तुम्ही पडलात?”

“पुढं बघून चढ. निसरडं आहे.”

“नाडगौडांना वर पोचायच्या आत सांगणार आहात का नाही, एवढंच सांगा.”

“हेमा, लोक...”

लोक खरंच आले. अर्ध्यावर एक ऐसपैस टप्पा आहे, तिथं मंडळी एकेक करून टेकली. लीलाताईंनी मेतकूट लावलेल्या दशम्या काढल्या. एस्तेबाननं एक घेतली, वास घेतला, खाल्ली आणि आणखी एक मागितली. मी कडेच्या कठड्यावर बसले. हे माझ्या समोर, तीन हातांवर. नेहमीच्या सभागृहात असावं तेवढंच अंतर.

शेजवळ खात नव्हते. त्यांनी पुस्तक उघडलं होतं, मिटलं, पुन्हा उघडलं. माणूस दवाखान्यातला रिपोर्ट असा बघतो.

“सर, राग मानू नका,” ते म्हणाले. “सुईचं जाऊ द्या. माझं एक पान आहे या पुस्तकात. म्हणजे आपलंच, पण मी माझं समजतो. पाचव्या प्रकरणातलं. कालव्याचं.”

“हां, हां. कालवा,” हे म्हणाले.

“या लोकांनी नदी वळवून शहरातून नेली. काटकोनात. ते बघा, ती झाडांची ओळ दिसते ना खाली, तीच असावी.” शेजवळांनी बोट केलं. “आता नदी वळवली, असं सगळेच लिहितात. पण आपण पुढं लिहिलंय, ऐका: ‘काटकोनात वळणारं पाणी काठ खातं. म्हणून वळणाच्या अलीकडे त्यांनी पात्र रुंद ठेवलं असेल. तिथं पाणी दम खातं, मग काठ खात नाही. ज्यानं हे ठरवलं तो पाण्याशेजारी पुष्कळ दिवस गप्प बसलेला माणूस असला पाहिजे.’”

ते थांबले. बोट पानात ठेवून त्यांनी पुस्तक मिटलं.

“सर, मी तेहतीस वर्षं कालव्याच्या चाऱ्यांवर काढली. फुटलेले काठ बांधले. वरिष्ठांना हेच सांगत होतो, वळणाआधी रुंदी द्या. मला साहेब म्हणायचे, शेजवळ, तुमचं शिक्षण किती? आणि मग हे पान वाचलं. हिला वाचून दाखवलं.”

“चार वेळा,” लीलाताई म्हणाल्या.

“म्हणून या सहलीला आलो. पिरॅमिडसाठी नाही. मला तुम्हाला एकच विचारायचं होतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, मी पुष्कळ शोधलं. हे तुम्हाला कळलं कसं? का हेही...” त्यांनी खाली, सुई गेलेल्या बाजूला पाहिलं. “हेही कुठून चुकून आलंय? तसं असेल तर तसं सांगा. मी मनातून काढून टाकीन.”

यांनी टाळूवरून हात फिरवला. विचारात पडल्यासारखं माझ्या मांडीकडे बघितलं.

माझा हात मांडीवर नव्हता. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, बालवाडीत बसवतात तशी.

हे मी आधी ठरवून केलेलं नव्हतं. पण यांनी बघितलं आणि मला वाटलं, नाही द्यायचा. आज नाही.

यांनी पुन्हा बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. बावीस वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदासमोर बसलेला चेहरा मला दिसला. तोच, फक्त केस गेलेले. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला होता. मांडीखाली माझा अंगठा आपोआप पेरं चाचपायला लागला. पाचवं प्रकरण, दुसऱ्या बोटाचं मधलं पेर. मी त्याच्यावर सगळा भार टाकून बसले.

“सर, पाणी घ्या,” कुणीतरी म्हणालं.

“ऊन लागलंय त्यांना,” नाडगौडा उठले. “शेजवळ, अहो, वर गेल्यावर विचारा निवांत. सही झाली की प्रश्नोत्तरं ठेवू. चला, चला.”

“हो बाई, कशाला आत्ता,” लीलाताई म्हणाल्या. पण त्या यांच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे, माझ्या दडवलेल्या हातांकडे बघत होत्या. मग त्यांनी भराभर दशम्यांचा डबा बंद करायला घेतला. झाकण उलटं लागत होतं, तरी तसंच दाबत राहिल्या.

बाकी कुणी उठलं नाही. खाली कुठंतरी शिट्टीतला वाघ डरकाळत होता. शेजवळ पुस्तक धरून उभेच होते.

“पत्र्यावर,” हे म्हणाले.

“काय, सर?”

“मागच्या दारी. पन्हाळीचा जुना पत्रा होता आमच्याकडे, काटकोनात वाकवलेला. त्यात वाळू पसरायची आणि तांब्यानं पाणी सोडायचं. वाळू वाहून गेली की पुन्हा पसरायची. विटेचे तुकडे खाली घालून उतार कमीजास्त करायचा. आठ दिवस चाललं होतं. सकाळी निघताना बघायचो, संध्याकाळी आलो की चालूच. अंगणभर चिखल. मी त्या चिखलावरून ओरडलोसुद्धा होतो.”

मी यांच्याकडे बघत राहिले. ओरडल्याचं मला आठवत होतं. पत्रा यांनी पाहिला होता, हे मला माहीत नव्हतं.

शेजवळांचा चेहरा उजळला होता. “म्हणजे प्रयोग केलात! अहो, मग हे चुकीचं नाही. सर, तुम्ही स्वतः...”

“मी कसा करीन?” हे एकदम चिडून म्हणाले. “मी शाळेत होतो, सांगतोय ना! सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो!”

“सर,” नाडगौडा म्हणाले, “सर, आपण जरा...”

“तुम्ही बसा हो, नाडगौडा. तुम्हाला अक्षर ओळखता येतं.”

नाडगौडा खाली बसले. कराराची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. मग मघापासून पहिल्यांदाच माझी मदत न शोधता, सरळ शेजवळांकडे बघून, सभागृहात कधी ऐकला नव्हता अशा साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले,

“ते पान हिचं आहे, शेजवळ. त्याच्या आधीचंही आणि नंतरचंही. सहाच्या सहा पुस्तकं हिची आहेत. मी नुसता बोलतो.”